टिंबं काढायचं कार्ड

आमच्या घरात तात्पुरतं म्हणून जे जे आलं ते कधी परत गेलं नाही. न्हाणीवरचा पत्रा तात्पुरता. पुढच्या खोलीतला बाक तात्पुरता. तो कुणाच्या तरी लग्नात पाहुण्यांना बसायला मागून आणला, पाहुणे गेले, बाक राहिला. माझा कॉम्प्युटरही तात्पुरताच. नागापूरच्या एमआयडीसीत ज्या ऑफिसात मी टायपिंग करायचे ते युनिट बंद पडलं, जुनं सामान विकायला निघालं, त्यातलं ते मशीन मी उचललं. दुसरी नोकरी लागेपर्यंत घरीच डीटीपीची कामं करीन, असं मी केडगावभर सांगत फिरले. नोकरी काही लागली नाही. बाकावर गिऱ्हाइकं बसायला लागली.

कामं म्हणजे काय, तर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. टाईप मी करायचे आणि प्रूफं पप्पा बघायचे. पप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नगरच्या एका छापखान्यात उभा जन्म प्रूफं तपासली होती. रिटायर झाले ते पगारापुरते. पेन्सिल काही रिटायर झाली नाही. पत्रिकेत 'आशिर्वाद' दिसला की त्यांना ठसका लागायचा. कोपऱ्यावरच्या गिरणीवर 'मिरची कुटुन मिळेल' अशी पाटी होती. तर त्या गिरणीवाल्याला भर दुपारी बाहेर बोलावून त्यांनी 'कुटून'मधला टू दीर्घ कसा ते समजावलं. त्या बिचाऱ्यानं तो ऊकार लाल रंगानं एवढा मोठा काढला की मिरची दिसेनाशी झाली. पप्पा मात्र खूश होते.

बोलण्याचंही तसंच. जन्म शेवगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला, पण छापखान्यात राहून जिभेवरचं 'हाय' आणि 'न्हाई' त्यांनी घासून घासून काढलं होतं. फक्त ताप चढला की गाव तोंडात परत यायचं. आईनं असलं काही मनावर घेतलं नाही. ती म्हणायची, "तुमी बोला शुद्ध, आमी सैपाक करतो अशुद्ध. खाताना कळतंय व्हय कुनाला?"

तर पप्पांच्या त्या खेड्यातले पाळकसाहेब एक दिवस एसटीनं आमच्याकडे आले. तिथं आमची ख्रिस्ती मंडळी आहे, दहा-वीस घरांची, आणि एक बसकं चर्च. सलाम झाला, चहा झाला, आणि पाळकसाहेबांनी पिशवीतून एक जुनं गायनपुस्तक काढून बाकावर ठेवलं.

"पोरं नाकात गातात हो," ते म्हणाले.

आधी मला काही कळेना. मग त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. जुन्या मराठीत टिंबांचा नुसता सुळसुळाट असायचा. 'तूं', 'माझें', 'घरांत'. ही टिंबं लिहायची, पण म्हणायची नाहीत. पुढे नियम बदलले आणि जी टिंबं ऐकू येत नाहीत ती लिहिण्यातूनही गेली. पण पुस्तक राहिलं जुनंच. आताच्या शाळेत शिकलेली पोरं दिसेल ते टिंब म्हणतात, 'माझेम' काय अन् 'तूम' काय, आणि रविवारची सगळी उपासना सर्दी झाल्यासारखी वाटते. तेव्हा टिंबं काढून, नव्या शुद्धलेखनात बसवून, नाताळाच्या आत पुस्तक छापून हवं होतं.

पप्पांनी पुस्तक हातात घेतलं आणि बराच वेळ उघडलंच नाही. ते ह्याच पुस्तकावर वाचायला शिकले होते. त्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे, स्वतः मोठेपणी कशीबशी अक्षरं गिरवलेले. रविवारी चर्चमध्ये पोराला मांडीवर घेऊन ते ओळीखालून बोट फिरवत. पोरानं एकदा विचारलं, हे टिंब कसं म्हणायचं? तर ते म्हणाले, "म्हनायचं न्हाई. पन हाय." पप्पा ही गोष्ट आम्हाला कितीदा तरी सांगायचे, आणि सांगताना तेवढं वाक्य गावच्या बोलीतच ठेवायचे. जगाचं मराठी सुधारणाऱ्या माणसानं ते एक वाक्य कधी सुधारलं नाही.

"तू आहे तसं टाईप कर," ते मला म्हणाले. "टिंब न् टिंब. काढायची ती मी काढीन."

"अहो पप्पा, टाईप करतानाच गाळते की. डबल काम कशाला?"

"तू 'शांती'तलंही काढशील. मग पोरं शाती शाती म्हणत बसतील."

मला आला राग. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं तपासली होती, लोकांच्या जाहिराती आणि सोसायट्यांचे अहवाल. हे एकच पुस्तक त्यांचं म्हणावं असं होतं. ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या हातानं नवं करायचं होतं.

कागदावरची प्रूफं त्यांनी अलीकडे सोडली होती. कागद फुकट जातो म्हणायचे. खरं म्हणजे पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, भाकरीएवढं म्हटलं तरी. चष्म्याचा नंबर नुकताच वाढला होता. शुगर होती त्यांना. आमच्याकडे शुगरचं पथ्य म्हणजे चहा बिनसाखरेचा आणि त्यात बुडवायला खारी, एवढंच. तर मी टाईप करून पान उघडायची, पप्पा शेजारी खुर्ची ओढायचे, आणि हातात आईची विणायची सुई. बोटानं काच खराब होते म्हणून ती सुई तात्पुरती मागून घेतलेली. आई रोज विचारायची, "माझी सुई कवा मिळायची? स्वेटर अर्ध्यावर हाय." पप्पा सुईच्या टोकानं काचेवर टक करायचे आणि म्हणायचे, "हे काढ." मी काढायची. टक. "हे राहू दे, हे ऐकू येतं." टक. "हे काढ." आमचं छान चाललं होतं.

आणि मग मशीनलाच टिंबं फुटायला लागली.

जरा तापलं की पडद्यावर ठिपके उमटायचे. काळे, हिरवे, कुठंही. इंग्रजी पत्रं टाईप करणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटलं नसतं, धूळ समजून सोडून दिलं असतं त्यानं. पण आमच्या 'ते'वर ठिपका बसला की त्याचं झालं 'तें', आणि पप्पांची सुई लगेच टक. मी काढायला जायची तर काढायला तिथं काही नसायचंच! मी कळा बडवायची, पप्पा म्हणायचे अजून आहे, मी म्हणायची ते आपलं नाही, मशीनचं आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," पप्पा म्हणायचे.

"अंगणच वाकडं आहे, पप्पा!" मी ओरडायची.

मग मी एक युक्ती काढली. पान वर सरकवायचं. अक्षराचं टिंब अक्षराबरोबर वर जातं, मशीनचं टिंब होतं त्या जागीच राहतं. पप्पांना ही परीक्षा फार आवडली. "सरकव," म्हणायचे, "बघू कुणाचं आहे." पण त्यानं काम गोगलगाईसारखं व्हायला लागलं. शिवाय काही टिंबं अशी की पप्पांनी दाखवावीत आणि मी बघेपर्यंत गेलेली असावीत. मला वाटलं, मशीन मुद्दाम माझ्याशी खेळतंय. मी टेबलफॅन मशीनकडे तोंड करून लावला. मशीन फ्रीजपासून लांब सरकवलं. ट्यूब बदलली, काचेला स्पिरिट लावलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"रोग रेड्याला आन् औशद पखालीला," ती म्हणाली. "अगं, जे बिघडलंय ते बदल की."

बिघडलं होतं डिस्प्ले कार्ड. आता पोरं त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. मशीनच्या पोटातली ती हिरवी पाटी, जी पडद्याला काय दाखवायचं ते सांगते. ते बदलायचं ठरलं. पप्पा म्हणाले, मीही येतो. "डोळे माझे वापरायचे, मग पसंती दुसऱ्याची कशी?"

नगरला माळीवाड्याच्या स्टँडमागच्या गल्लीत एक दुकान होतं. आम्ही दोघं केडगावहून रिक्षानं गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका, आणि त्याच्याभोवती झाकणं काढलेली मशीनं अशी पसरलेली की पाय कुठं ठेवावा कळेना. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं.

"मॅडम, तुमचं मशीनच म्हातारं झालंय," तो म्हणाला. "नवीन चांगली कार्डं तुमच्या खाचेत बसतच नाहीत. मदरबोर्डपासून सगळं बदला, मग बघा मजा."

"ते बघू पुढं. आत्ता तात्पुरतं काहीतरी द्या. स्वस्तातलं."

"तात्पुरतं म्हणजे? किती दिवस काढायचेत त्याच्यावर?"

"एक पुस्तक होईपर्यंत."

त्यानं खणातून दोन कार्डं काढली. एक कुणाच्या तरी मशीनमधून उतरवलेलं, वापरलेलं. दुसरं चंदेरी पिशवीतलं, नवंकोरं पण जुन्या पद्धतीचं, शेवटचं उरलेलं. दुसऱ्यात मेमरी जास्त, रंग जास्त, चित्र स्थिर. शिवाय एक तिसरं कपाटात होतं, पण त्याच्याकडे त्यानं नुसती मान केली आणि माझ्या चपलांकडे बघून विषय सोडून दिला. मी त्या दोन कार्डांकडे बघत उभी. एक हिरवी पाटी, दुसरी हिरवी पाटी. भाजीच्या गाड्यावर वांगं तरी दाबून बघता येतं; इथं काय दाबणार?

"रंग किती पाहिजेत तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"रंग नकोतच मला. काळं आणि पांढरं. आणि टिंब जिथं आहे तिथंच दिसलं पाहिजे, नाही तिथं नाही."

तो हसला. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नसावं. पण माणूस चांगला. म्हणाला, दोन्ही लावून दाखवतो, काकांनाच ठरवू द्या. मी फ्लॉपीवर एक पान नेलं होतं, आणि त्याच्याकडे मराठीचं सॉफ्टवेअर होतं. पप्पांना त्यानं स्टुलावर बसवलं, वापरलेलं कार्ड लावलं आणि पान उघडलं. मला ते चष्म्याच्या दुकानासारखं वाटलं. हे बरं की ते बरं, आता स्पष्ट की मघाशी स्पष्ट.

"बघा काका."

पप्पा पुढे झुकले. "टिंबं आहेत," म्हणाले.

त्यानं मशीन बंद केलं, कार्ड उपसलं, नवं बसवलं, पुन्हा चालू केलं. तेवढ्या वेळात मी मनाशी ठरवून टाकलं होतं की नवंच घ्यायचं, ओढाताण झाली तरी. पडदा उजळला. मी पप्पांच्या खांद्यावरून बघत होते. पान असं स्वच्छ की धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखं.

"आता?"

"आहेत," पप्पा म्हणाले.

"कुठं, काका? बोट लावा बरं."

पप्पांनी काचेवर बोट टेकवलं. बोटाखाली कोरी जागा होती. दुकानदारानं वाकून बघितलं, मी वाकून बघितलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम संताप आला.

"तुमचा मॉनिटरच खराब आहे!" मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला दाखवायला निदान धड मॉनिटर तरी ठेवायचा!"

त्यानं दुसऱ्या टेबलावरचा मॉनिटर उचलून आणला, वायर जोडली. पान तेच, स्वच्छ. पप्पा बघत राहिले.

"आहेत," ते म्हणाले. आणि मग त्यांना आमची परीक्षा आठवली. "पान सरकवा."

त्यानं पान सरकवलं. पप्पांनी डोळे बारीक केले. चाळीस वर्षं प्रूफं तपासलेला माणूस. एखादी चूक कशी आहे ते नेमकं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही.

"नाही. हे अक्षराबरोबर जात नाहीये," ते म्हणाले. "पण जागेवरही राहत नाही. मी जिकडं बघतो, तिकडं येतंय."

वाक्य पुरं झालं आणि ते थांबले. त्यांनी मान पडद्यावरून काढून दुकानाच्या भिंतीकडे वळवली. भिंतीला चुना होता, पांढरा. त्या भिंतीकडे ते बघत राहिले, मग छताकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीकडे. मला कळलं ते काय शोधत होते. बाहेर स्टँडवर कंडक्टर गाडीचं नाव घेऊन ओरडत होता आणि मी मूर्खासारखी ते ऐकत उभी होते, पाथर्डी, पाथर्डी, पाथर्डी.

पप्पांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

"हं, आता गेली," ते म्हणाले. "गेली सगळी. हेच बरं आहे. हेच द्या आम्हाला, तात्पुरतं."

दुकानदारानं कार्ड चंदेरी पिशवीत घातलं, पिशवी दुमडली, रबर लावलं. हे सगळं तो फार सावकाश करत होता. निघताना म्हणाला, "मॅडम, नाही जमलं तर परत आणा. मी घेईन." मी त्याच्यावर आधी ओरडले होते, आणि आता मला त्याच्यासमोर रडायला येत होतं.

रिक्षा केडगावच्या वेशीशी आल्यावर पप्पा म्हणाले, "आईला सांग, छान मिळालं कार्ड."

आणि कार्ड खरंच छान होतं, हीच तर गंमत. मशीनमध्ये बसवलं त्या दिवसापासून पडद्यावर एक ठिपका उमटला नाही. त्यानं आपलं काम चोख केलं. आई येऊन बघून गेली, म्हणाली, "लई झ्याक दिसतंय." पप्पा सुई घेऊन खुर्चीत बसले. मी पान उघडलं. पहिल्याच ओळीत 'तूं' होतं, जुनं, खरं टिंब. पप्पा ओळीवरून नजर फिरवत पुढे गेले. दुसऱ्या ओळीत 'माझें'. पुढे गेले. सुई मांडीवर तशीच.

"छान आहे," म्हणाले. "पुढचं पान."

मी पुढचं पान उघडलं नाही. ज्या माणसाला गिरणीची पाटी सोसली नव्हती, तो टिंबांनी भरलेलं पान छान आहे म्हणत होता. कारण त्याला सगळीकडेच टिंबं दिसत होती. खरी कुठली आणि डोळ्यांतली कुठली, हे त्याला सांगता येत नव्हतं. आणि मी हौसेनं कार्ड आणलं म्हणून तो माझं मन राखत होता.

"पप्पा," मी म्हटलं, "हे 'माझे'वरचं टिंब?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"तू सांग," ते म्हणाले. "हाय का ते?"

त्यांना ताप नव्हता. मी कपाळाला हात लावून बघितला.

मग काय, दवाखाने. आधी नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध टाकून, बाहुली मोठी करून बघितलं आणि म्हणाले, शुगर डोळ्यांत उतरली आहे; आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, ते रक्त डोळ्यांत तरंगतं, तेच हे ठिपके. पुण्याला पाठवलं. पुण्याला लेझरचे किरण मारले. तिथल्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या, हातात हात घेऊन बोलायच्या, पण बोलल्या ते हेच की गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते टिकवायचं बघू. मी विचारलं, किती दिवस टिकेल? म्हणाल्या, सांगता येत नाही. मला त्या दुकानदाराचा प्रश्न आठवला. किती दिवस काढायचेत त्याच्यावर? तेव्हा मी कसं पटकन उत्तर दिलं होतं.

मला तेव्हा काय वाटत होतं ते सरळ सांगते. मला कुणाशी तरी भांडायचं होतं. माझा स्वभावच तसा, काही बिघडलं की मी कुणाच्या तरी अंगावर जाते आणि निम्म्या वेळा ते दुरुस्तही होतं. लाईटवाले, गॅसवाले, पोस्ट, सगळे मला ओळखून होते. पण इथं जाऊ कुठं? कुठल्या काउंटरवर हात आपटू? मशीनमधली पाटी तरी उपसून दुसरी घालता येत होती. मी पुण्याहून येताना एसटीत खिडकीला डोकं लावून बसायची, शेजारी पप्पा, आणि रस्त्यावरच्या पाट्या मागे पळायच्या. पूर्वी ते एकेक पाटी वाचून चुका काढायचे. आता मी वाचत होते आणि ते विचारत होते, "ह्रस्व लिहिलंय का दीर्घ?"

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कार्डाच्याही आधीपासून ठाऊक होतं. पप्पा बशीत चहा ओतताना अलीकडे चहा बशीबाहेर पडायचा, आणि ती लगेच पुसून घ्यायची. घरात कुणीच त्याचं नाव काढत नव्हतं.

पुस्तक मात्र पप्पांनी सोडलं नाही. पाळकसाहेब येऊन म्हणाले, बाकीचं ताईंना करू द्या, तुम्ही आराम करा. पप्पा म्हणाले, "'शांती'तलं काढेल ती." त्यांनी नवी पद्धत काढली. पूर्वी सांगायचे, आता विचारायचे. सुई काचेवर टक. "हाय का?" मी म्हणायची, "आहे." "ऐकू येतं का?" "नाही." "मग काढ." टक. "हाय का?" "नाही पप्पा, इथं काही नाही." "बरं." ते 'बरं' मला सोसायचं नाही. सुरुवातीला 'आहे' जास्त आणि 'नाही' कमी, असं होतं. पुढे पुढे उलटं व्हायला लागलं. टक, नाही. टक, नाही. टक, नाही. प्रत्येक वेळी बरं.

मी आतल्या आत इतकी कावून गेले की एके दिवशी ठरवलं, बास. 'नाही' म्हणायचंच नाही. त्यांनी दाखवायचं, आपण 'आहे' म्हणायचं आणि काढल्यासारखं करायचं. एवढी साधी गोष्ट! त्यात कुणाचं काय जाणार होतं? खरी टिंबं तर मी काढतच होते.

शेवटचं गीत चाललं होतं. दुपारची वेळ, आई आत भाकऱ्या थापत होती. पप्पांनी पान अगदी डोळ्यांशी घेतल्यासारखं तोंड पडद्याजवळ नेलं. अक्षरं मी भाकरीएवढी केली होती. सुई एका शब्दावर टेकली. टक. तो शब्द कधीच नवा झाला होता, त्याच्यावर काही नव्हतं.

"हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

पप्पांची मान किंचित वर आली. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एक टिंब बरोबर निघालं होतं.

"ऐकू येतं का?"

"नाही येत."

"मग काढ."

मी एक कळ दाबली, नुसतीच, आवाज यावा म्हणून. "काढलं, पप्पा."

ते त्या शब्दाकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी तोंड थोडं डावीकडं केलं, थोडं उजवीकडं केलं, पुन्हा त्या शब्दावर आणलं. आतून भाकरीचा थपथप आवाज येत होता. मग ते हसले, त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगताना हसायचे तसे.

"म्हनायचं न्हाई," ते म्हणाले. "पन हाय."

मग उठून, भिंतीला हात लावत, ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि आईच्या विणकामाच्या पिशवीत तिची सुई खोचून ठेवली.